निलगिरीच्या चिप्सपासून साखर : तयारीच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी
लाकूड आलं. निलगिरी, साधारण ४० किलो, ८ ते १० सेंटिमीटर जाडीचे तुकडे, तोडून आठवडा झालेला. करायचंय एवढंच की लाकडातलं सेल्युलोज एन्झाईमच्या हाती लागेल इतकं मोकळं करायचं, त्याचं ग्लुकोज करायचं आणि ते पुढे इथेनॉलसाठी यीस्टला द्यायचं. आम्ही दोघं आहोत, जवळ एक ऑटोक्लेव्ह (मोठ्या प्रेशर कुकरसारखं यंत्र) आहे, ५ लिटरचा प्रेशर रिॲक्टर आहे आणि एक नाईफ मिल. पुढे कुणाला हेच करायचं असेल तर आमचे वाया गेलेले दिवस त्यांचे जाऊ नयेत म्हणून रोजचं लिहून ठेवतोय.

पहिली चूक आजच झाली. साल न काढता चार तुकडे थेट मिलमध्ये घातले, सालीत अडकलेली माती आणि बारीक खडी पात्यांवर गेली आणि अर्ध्या तासात धार बसली. पाती काढून धार लावून परत बसवण्यात संध्याकाळ गेली. नंतर ५७५ अंशाला जाळून राख मोजली तर लाकडाची ०.५ टक्के आणि सालीची ५ च्या वर. ही राख नुसती कचरा नाही, तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि ते पुढे आपण घातलेलं ऍसिड खाऊन टाकतं. म्हणजे साल ठेवली की पाती पण जातात आणि ऍसिड पण. उद्या सगळी साल हाताने काढणार.

११ जानेवारी
साल काढून झाली, दोन दिवस लागले. लाकूड ताजं असेल तरच सोलून निघते, सुकलं की चिकटून बसते, त्यामुळे आणल्या आणल्या सोलायला हवं होतं.

ओलावा मोजला, ४८ टक्के. आणि इथेच एक पूर्ण बॅच घालवली. ४८ टक्के म्हणजे ओल्या वजनाचे ४८ टक्के, हेच कोरड्या वजनाच्या हिशोबाने ९२ टक्के होतात, दोघांनी वेगवेगळ्या वहीत वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलं होतं. २५० ग्रॅम कोरडं लाकूड हवं होतं आणि काट्यावर घेतलं २५० ग्रॅम ओलं, म्हणजे खरं लाकूड फक्त १३० ग्रॅम, आणि ऍसिड मात्र २५० च्या हिशोबाने. लाकडामागे जवळजवळ दुप्पट ऍसिड पडलं. आता नियम केलाय की प्रत्येक पिशवीवर एकच आकडा, "१०० ग्रॅममध्ये कोरडं किती", बाकी काही लिहायचं नाही.

१५ जानेवारी
लाकडात नक्की काय काय आहे ते मोजलं. नेहमीची पद्धत, ७२ टक्के सल्फ्युरिक ऍसिडमध्ये ३० अंशाला १ तास, मग पाणी घालून ४ टक्क्यांवर आणून १२१ अंशाला १ तास, विरघळेल ती साखर, उरेल ते लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे बांधून ठेवणारा पदार्थ. पहिल्यांदा घाईत सॉक्सलेटची, म्हणजे लाकूड आधी धुऊन काढायची, पायरी सोडली, लिग्निन ३१ टक्के आलं. पाण्याने आणि मग अल्कोहोलने आधी धुऊन काढल्यावर परत केलं तर २७. मधले ४ टक्के म्हणजे लाकडातले रंग, टॅनिन, राळेसारखे पदार्थ, ते लिग्निनमध्ये मोजले जात होते. शेवटचे आकडे असे, सेल्युलोज ४३, झायलान (ज्यातून झायलोज ही दुसरी साखर सुटते) १४, लिग्निन २७. हे आकडे नीट नसतील तर पुढचा "किती टक्के साखर निघाली" हा प्रत्येक हिशोब खोटा पडतो, म्हणून इथे तीन दिवस गेले त्याचं वाईट वाटत नाही.

१९ जानेवारी
दळण. ओलं लाकूड २ मिलिमीटरच्या जाळीतून काढायला गेलो, जाळी लगद्याने भरली, मोटर दोनदा ट्रिप झाली. मग पसरून वाळवलं, ओलावा १२ टक्क्यांवर आला आणि मिल सुरळीत चालली. मीटर लावून बघितलं, १० किलोला ६ मिलिमीटरच्या जाळीवर अर्धा युनिट, २ मिलिमीटरवर १.४ युनिट, आणि १ मिलिमीटरवर मिल इतकी तापली की जळका वास यायला लागला म्हणून थांबवलं. बारीक धूळ हवेत राहते ते वेगळंच, ती ठिणगीने पेट घेऊ शकते, मास्क लावा आणि जवळ ग्राइंडिंग वेल्डिंग काही चालू ठेवू नका.

विचार केला की एवढी वीज घालून पीठ करायचं कशाला, आधी चिप्सच ऍसिडमध्ये शिजवू आणि मऊ झाल्यावर दळू. चिप्स केल्या साधारण २ सेंटिमीटर लांब, ४ मिलिमीटर जाड. हा निर्णय बरोबर होता पण त्याची किंमत पुढच्या महिनाभर मोजली.

२३ जानेवारी
रिॲक्टरच्या आधी ऑटोक्लेव्हमध्ये प्रयोग, कारण तो सोपा. १ टक्का सल्फ्युरिक ऍसिड, १२१ अंश, १ तास. ऍसिड नेहमी पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही. निघालेला द्रव फिकट चहासारखा, झायलोज निम्म्याच्या आसपास सुटलेली. धुऊन एन्झाईम घातलं, ७२ तासांनी सेल्युलोजचे फक्त १४ टक्के ग्लुकोज झाले.

कागदावर हिशोब केला तर हे होणारच होतं. तापमान साधारण दर १० अंशाने वाढलं की वेळ निम्मा लागतो, त्या हिशोबाने १७० अंशाला १० मिनिटांत जेवढं शिजतं तेवढं १२१ ला शिजवायला साडेचार तासांच्या वर लागतात. गवत, तूस, कणसाची खुंटं यांना ऑटोक्लेव्ह चालून जातो, लाकडाला नाही. ज्यांच्याकडे फक्त ऑटोक्लेव्ह आहे त्यांनी लाकूड घ्यायच्या आधी हा विचार करावा.

२९ जानेवारी
रिॲक्टरची पहिली बॅच. वाळवलेल्या चिप्स, ०.८ टक्के ऍसिड, १७० अंश, १० मिनिटं. उघडल्यावर चिप्स सुंदर चॉकलेटी दिसत होत्या, आम्हाला वाटलं जमलं. मग एक चिप सुरीने मधून कापली. बाहेर गडद, आत पिवळसर पांढरं लाकूड, अगदी जसंच्या तसं. दुसरी कापली, तिसरी कापली, सगळ्या तशाच.

कारण शोधायला दोन दिवस लागले आणि कारण समोरच होतं, चिप्स पाण्यावर तरंगत होत्या. वाळवलं तेव्हा लाकडाच्या नळ्यांमधलं पाणी गेलं आणि तिथे हवा बसली, ती हवा ऍसिडला आत शिरू देत नाही. बाहेरचा थर जास्त शिजला आणि गाभा कच्चा.

३ फेब्रुवारी
हवा काढायचे तीन प्रकार करून बघितले.

नुसतं रात्रभर ऍसिडमध्ये भिजवलं, सकाळी निम्म्याहून जास्त चिप्स वरच होत्या. मग व्हॅक्यूम, भांड्याला पंप लावून १५ मिनिटं हवा खेचली, सोडली, असं तीनदा, बुडबुडे निघताना दिसतात आणि बऱ्याचशा बुडाल्या. तिसरा प्रकार सगळ्यात चांगला निघाला आणि त्याला पंपही लागत नाही. चिप्स चाळणीत ठेवून उकळत्या पाण्याच्या वाफेवर २० मिनिटं ठेवायच्या आणि गरम असतानाच थंड ऍसिडमध्ये बुडवायच्या, आतली वाफ थंड होऊन आकसते आणि ऍसिड स्वतःहून आत ओढलं जातं. पाच मिनिटांत जवळजवळ सगळ्या तळाला. तरी नंतर १८ तास तशाच ठेवतो कारण लाकडातल्या पाण्यात ऍसिड सारखं पसरायला वेळ लागतो.

चाचणी एकच ठेवलीय, चिप बुडाली तर रिॲक्टरमध्ये, तरंगली तर परत वाफेवर. आणि मिल टाळून चिप्सच वापरायच्या असतील तर लाकूड वाळवूच नका, ओलं ठेवलं तर अर्धं काम आधीच झालेलं असतं. आम्ही मिलसाठी वाळवलं आणि मग मिलच वापरली नाही, तो सगळा घोळ तिथून सुरू झाला.

९ फेब्रुवारी
या वेळी गाभ्यापर्यंत एकसारखा रंग. पण द्रव हिरवट झाला होता. आतलं भांडं ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं, गरम सल्फ्युरिक ऍसिडने ते खाल्लं, द्रवात निकेल आणि क्रोमियम उतरलं. भांड्याच्या कडेला बोट फिरवलं तर खडबडीत लागतं. हा द्रव यीस्टला द्यायच्या लायकीचा नाही, सगळी बॅच धातूच्या कचऱ्यात वेगळी ठेवली, नाल्यात ओतलेली नाही. ३१६ थोडं जास्त टिकतं पण या तापमानाला त्याचाही भरवसा नको, मोठ्या कारखान्यात यासाठी हॅस्टेलॉय (निकेलचा मिश्रधातू) किंवा झिर्कोनियम वापरतात. आम्ही टेफ्लॉनचं अस्तर मागवलं. नऊ दिवस वाट बघण्यात गेले.

१८ फेब्रुवारी
अस्तर बसवलं, धातूचा प्रश्न संपला आणि नवीन सुरू झाला. टेफ्लॉन उष्णता सोडत नाही, १७० ला पोचायला आधी अर्धा तास लागायचा तो आता ४८ मिनिटं झाला, आणि थंड व्हायला ४० मिनिटं. आम्ही घड्याळ १७० पासूनच लावलं होतं. रिॲक्टर उघडताच कडू बदामासारखा वास, द्रव काळपट. तो वास फरफ्युरलचा, म्हणजे मिळालेली झायलोज जळून त्याचं फरफ्युरल झालं. ते वाफेतून नाकात जाणं चांगलं नाही, पूर्ण थंड झाल्याशिवाय आणि एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय उघडू नका.

घन भागातलं लिग्निन मोजलं तर मूळ लाकडात होतं त्यापेक्षा एकूण वजनाने जास्त भरलं. आम्ही तीनदा मोजलं. लिग्निन वाढलेलं नाही, जास्त शिजलं की साखरेचे तुटलेले तुकडे एकमेकांना चिकटून लिग्निनसारखा काळा थर बनवतात आणि मोजणीत तो लिग्निन म्हणून येतो. असा आकडा आला तर वजनकाट्याला दोष देऊ नका, शिजवणं कमी करा.

२२ फेब्रुवारी
चढण्याची आणि उतरण्याची मिनिटं धरून हिशोब केला आणि १६५ अंश, १० मिनिटं, ०.७ टक्के ऍसिड यावर आलो. १६० ला पोचतानाच हीटर कमी करतो नाहीतर वर उसळी मारतो, आणि शेवटी कॉइलमधून थंड पाणी सोडतो, त्याने उतरणं ४० वरून १२ मिनिटांवर आलं. बदामाचा वास अगदी पुसट. १०० ग्रॅम कोरड्या लाकडातून ६८ ग्रॅम घन भाग उरला, त्यात सेल्युलोज ५९ ते ६० टक्के, लिग्निन ३८, झायलान नावापुरतं. चिप बोटात दाबली की चुरा होते. चार बॅच सलग केल्या, आकडे जवळजवळ सारखे. महिन्यात पहिल्यांदा शांत झोप लागली.

एक गॅस्केट गेलं, झाकण गरम असताना घट्ट आवळल्यामुळे. थंड असतानाच आवळा.

२६ फेब्रुवारी
इतकं करून जी चूक केली ती सगळ्यात महागाची. चार बॅचचा माल धुतला आणि साठवायला सोपं, वजन करायला सोपं म्हणून रात्रभर १०५ च्या ओव्हनमध्ये वाळवला. नशिबाने एका बॅचचा मूठभर ओला माल डब्यात राहून गेला होता. दोन्ही एकाच एन्झाईमला, एकाच दिवशी लावले, ७२ तासांनी ओल्यातून ७४ टक्के आणि वाळवलेल्यातून ३१.

वाळताना धाग्यांमधली बारीक छिद्रं मिटतात आणि परत पाण्यात टाकली तरी तशी उघडत नाहीत, कागदवाल्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. ऍसिडने जी दारं उघडली ती आम्ही ओव्हनमध्ये स्वतः बंद केली. जवळपास १ किलो माल होता, आठ दिवसांचं काम. आता ओलावा मोजायला ५ ग्रॅम वाळवतो आणि ते फेकून देतो, बाकी सगळं ओलंच पिशवीत बंद करून ४ अंशाला. बाहेर ठेवलेल्या एका पिशवीला नवव्या दिवशी बुरशी दिसली.

४ मार्च
नव्या बॅच. एन्झाईमची पद्धत आमची अशी, सायट्रेट बफर (पीएच धरून ठेवायला) ०.०५ मोलर, पीएच ४.८, ५० अंश, दर ग्रॅम सेल्युलोजला १५ एफपीयू (एन्झाईमची ताकद मोजायचं एकक). पीएच लावून एन्झाईम घातलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजला तर ३.६ आणि साखर जागच्या जागी. वरून धुतलेलं पाणी न्यूट्रल येत होतं म्हणून आम्ही धुणं थांबवलं होतं, पण चिपच्या आत ऍसिड शिल्लक होतं, ते रात्रभरात बाहेर झिरपलं. एका बाटलीपुरतं नाही, सहाच्या सहा बाटल्यांचं एन्झाईम गेलं.

आता क्रम बदलला. आधी डिस्क मिलमधून पाण्यासकट काढायचं, शिजलेल्या चिप्सना इतकी कमी वीज लागते की मीटरवर फरक जाणवत नाही, मग धुवायचं, मग पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी पीएच बघायचा, ५ च्या वर राहिला तरच पुढे. पाणी मात्र खूप जातं, १ किलो कोरड्या मालाला २० लिटरच्या पुढे. शेवटचं धुण्याचं पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरतो, त्याने १२ लिटरवर आलं.

१० मार्च
ग्लुकोज ४८ तासांपर्यंत छान वाढलं आणि मग ७२ ला कमी झालं. साखर परत सेल्युलोज होत नाही, म्हणजे कुणीतरी खात होतं. पीएच खाली, आंबट वास, सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांसारखे जिवाणू. चाचणीच्या बाटल्यांत ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालायला लागलो आणि प्रश्न मिटला, पण हे विष आहे, ऍसिडशी आलं तर विषारी वायू सुटतो, धातूच्या पाइपातून ओतायचं नाही, आणि ज्या बाटलीत अझाइड आहे ती यीस्टला चालत नाही. यीस्टसाठीच्या बॅचमध्ये लगदा आणि बफर १२१ ला निर्जंतुक करतो आणि एन्झाईम बारीक फिल्टरमधून गाळून थंड झाल्यावर घालतो.

१५ मार्च
आजपर्यंतचे एन्झाईमचे सगळे आकडे थोडे फुगलेले समजा. आम्ही डीएनएसने, म्हणजे रसायनाच्या बदललेल्या रंगावरून, साखर मोजत होतो, त्यात ग्लुकोज, झायलोज, जे जे त्या रसायनाला रिड्यूस करून रंग देतं ते सगळं एकत्र येतं. शिवाय बाजारच्या एन्झाईममध्ये स्वतःची साखर असते, लगदा न घालता नुसतं एन्झाईम ठेवून मोजलं तर चांगला रंग आला. ही कोरी बाटली पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी होती. ग्लुकोज ऑक्सिडेजच्या किटने परत मोजलं आणि कोरी बाटली वजा केली, ७४ चे ६६ झाले. आकडा खाली आला पण आता तो खरा आहे, आणि वाळवलेल्या-ओल्यातला फरक तसाच मोठा राहतो.

२१ मार्च
आतापर्यंत ५ टक्के घन घेत होतो, त्यातून निघणारं साखरपाणी इतकं पातळ की पुढे दारू गाळण्यातच सगळी ऊर्जा जाईल. १५ टक्के घेतलं तर फ्लास्कमध्ये मळलेल्या कणकेसारखा गोळा, शेकर फिरतोय आणि गोळा जागेवर. एन्झाईम वरच्या बाजूला ओलं, खालचं कोरडं.

दोन गोष्टींनी सुटलं. एक, माल तीन हप्त्यांत घातला, सुरुवातीला, ६ तासांनी, १२ तासांनी, एन्झाईम मात्र सगळं पहिल्याच वेळी. दुसरं, रुंद तोंडाच्या बाटल्या आडव्या फिरवल्या, आत चिनी मातीच्या गोळ्या टाकून. साधारण १६ तासांनी गोळा पातळ होऊन बाटलीत सळसळायला लागला, तो आवाज ऐकून आम्ही दोघंही उठून बघायला गेलो.

७२ तासांनी लिटरमागे ६४ ग्रॅम ग्लुकोज. पहिल्या हिशोबात ६५ टक्के आले, मग लक्षात आलं की लिटरभर लगद्यात उरलेलं लिग्निन पण जागा व्यापतं, द्रव ८९० मिलिलिटरच्या आसपासच आहे. नीट धरलं तर ५८ टक्के. घन वाढवलं की टक्केवारी पडतेच, एक तर स्वतः तयार झालेलं ग्लुकोज आणि सेलोबायोज (दोन ग्लुकोज जोडलेली साखर) एन्झाईमला आवरतात, आणि ढवळणं कठीण होतं.

२७ मार्च
लिग्निन एन्झाईमला स्वतःला चिकटवून घेतं, ते अडवायला पीईजी ४००० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) घालून बघितलं, दर ग्रॅम मालाला ०.०५ ग्रॅम. बाकी सगळं तेच, ५८ चे ६३ झाले. म्हणजे तेवढ्याच साखरेला एन्झाईम कमी घालता येईल, आणि या सगळ्या कामात एन्झाईमच सगळ्यात खर्चिक आहे. १५ वरून १० एफपीयूवर उतरून बघायचंय.

२ एप्रिल
आत्ताची स्थिती. १ किलो कोरड्या लाकडातून ६८० ग्रॅम माल, त्यात सेल्युलोज ४०५ ग्रॅम, पूर्ण सुटलं तर ४५० ग्रॅम ग्लुकोज, आम्हाला मिळतंय २८० च्या जवळपास. ग्रॅमभर ग्लुकोजमागे ०.५११ ग्रॅम इथेनॉल हा वरचा कठडा धरला तर त्यातून १४३ ग्रॅमपेक्षा जास्त इथेनॉल निघूच शकत नाही.

झायलोजचा द्रव मात्र कॅनमध्ये तसाच पडून आहे. चुना घालून ऍसिड मारायला गेलो, जिप्समचा बारीक गाळ बसून गाळणीचं कापड दोनदा बंद पडलं. गरम असताना गाळलं तर जरा बरं जातं. साधं यीस्ट झायलोज खात नाही, शिवाय द्रवात लाकडातून सुटलेलं ऍसिटिक ऍसिड आहे, तेही यीस्टला अडवतं. पुढच्या बॅचला चिप्स आधी ०.४ टक्के कॉस्टिक सोड्यात ८० अंशाला ठेवून ऍसिटिक आधीच काढून टाकायचं, मग धुवायचं, मग ऍसिड. ओल्या चिप्स १२ किलो शिल्लक आहेत, पिशव्या बंद आहेत, वाळू दिलेल्या नाहीत.